जुन्या पिकअपचा एसी : आधी गळती शोधा, मग गॅस भरा

खाप्याहून नागपूरला कापड नेणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना मे महिन्यातच जुन्या पिकअपचा एसी दगा देतो. ‘गॅस संपला’ ऐकून आम्ही पैसे मोजतो. पण हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. व्यापारी बंधूंनी प्रथम फ्यूज आणि पट्टा पाहावा. गाडी धावताना गार हवा व थांबताच गरम येत असेल, तर पंखा तपासावा. कंडेन्सरच्या जाळीतील धूळ हलक्या पाण्याने धुवावी. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग असेल, तर गळती बहुधा तिथेच. आर-१२ वर चालणाऱ्या जुन्या एसीत आर-१३४ए तसाच भरू नये. त्याचे तेल वेगळे असते. गळती बंद न करता भरलेला गॅस म्हणजे नाहक खर्च.