शनिवारी कोणती खोली रिकामी?

शनिवार-रविवारी राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावर मुंबईकरांची गर्दी उसळते. समजा, तिथे चार खोल्या भाड्याने देणाऱ्या एखाद्या काकूंनी वही बाजूला ठेवून संगणकावर नोंदी ठेवायला घेतल्या. एका तक्त्यात खोल्या, दुसऱ्यात बुकिंग. आता त्यांना हवंय एवढंच, की येत्या शनिवारी कोणती खोली रिकामी आहे.

असे प्रश्न विचारायला एसक्यूएल नावाची भाषा आहे. ती ‘डिक्लेरेटिव्ह’ घराण्यातली. म्हणजे काय हवं ते आपण सांगायचं, ते कुठून आणि कोणत्या क्रमाने काढायचं ते यंत्र ठरवतं. 1974 साली आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली, तेव्हा तिचं नाव ‘सीक्वेल’ होतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही ती जमावी, हा हेतू. तो कितपत साधला हे आयबीएमने तपासूनही पाहिलं, हे मला विशेष वाटतं. फिलिस राइस्नर या संशोधिकेने प्रोग्रामर आणि बिगर-प्रोग्रामर अशा दोन्ही गटांना ही भाषा शिकवून परीक्षा घेतली. गणिती चिन्हांच्या ‘स्क्वेअर’ या भाषेपेक्षा साध्या इंग्रजी शब्दांची सीक्वेल बिगर-प्रोग्रामरना सोपी गेली. चुका झाल्या, पण त्यातल्या पुष्कळशा किरकोळ होत्या: शब्दाचं अनेकवचन केलं, स्पेलिंग चुकलं.

मोठी चूक वेगळीच असते. काकू लिहितील: बुकिंगमधल्या अशा खोल्या दाखव, जिथे तारीख शनिवारची नाही. वाक्य अगदी सरळ, पण उत्तर साफ चूक! एक नंबरच्या खोलीत शनिवारीही पाहुणे आहेत आणि रविवारीही. रविवारच्या ओळीमुळे ती ‘रिकामी’ म्हणून यादीत येते. तीन नंबरच्या खोलीला बुकिंगच नाही. ती खरोखर रिकामी, पण बुकिंगच्या तक्त्यात तिची ओळच नसल्याने ती यादीत येत नाही. हवं होतं ते असं: खोल्यांच्या तक्त्यातून अशा खोल्या दाखव, ज्यांचं शनिवारचं एकही बुकिंग अस्तित्वात नाही. अट एका ओळीची नाही, सगळ्या ओळींची आहे. काकूंचा चढ इथे सुरू होतो. तोवरची वाट सपाट असते, म्हणूनच तो दिसत नाही.

त्यांचा इंजिनिअर भाचा सुरुवातीलाच अडखळतो. पहिली खोली घे, तिची बुकिंग तपास, मग दुसरी घे, अशी फेरी मारायची त्याला सवय. एसक्यूएल वापरतानाही तो प्रत्येक खोलीसाठी वेगळा प्रश्न पाठवतो. चार खोल्यांना ते खपून जातं. लाखभर ओळी असल्या की यंत्र रडकुंडीला येतं. भाच्याला नवं शिकण्याआधी जुनं सोडावं लागतं, आणि माझ्या मते ते जास्त जड जातं.

महाराष्ट्रात ‘डिक्लेरेटिव्ह’ घराण्याची ओळख अनेकांना नकळत झाली आहे. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमात ज्यांनी एक्सेलचं बेरजेचं सूत्र लिहिलं, त्यांनी हेच केलं. कोणता चौकोन आधी मोजायचा हे त्यांनी सांगितलं नाही, एक्सेलने ठरवलं. त्यासाठी स्वतःला प्रोग्रामर म्हणवून घ्यायची गरज पडली नाही!

काकूंच्या प्रश्नासारखं चुकीचं एसक्यूएल कसं पकडायचं, यावर पवईच्या आयआयटीत प्रा. एस. सुदर्शन यांच्या गटाने ‘एक्सडेटा’ ही प्रणाली बनवली. बरोबर आणि चुकीच्या प्रश्नांची उत्तरं वेगळी येतील, असा छोटासा मुद्दाम बेतलेला डेटा ती तयार करते. विद्यार्थ्याचं उत्तर त्यावर तपासता येतं.

घरी हेच कागदावर करता येतं. चार खोल्या, पाच बुकिंग लिहा. त्यात एक खोली दोन दिवस भरलेली आणि एक कधीच न भरलेली असू द्या. उत्तर आधी हाताने काढा, मग यंत्राला विचारा.