मोठ्या भोकाला मंद फेरे

साखर कारखाने आणि भूमकडचा खवा ही धाराशिव (2023 पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्याची ओळख. या धंद्यांना टाक्या, झाकणे, पाइपजोड लागतात आणि ते काम आपल्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांकडे येते. टाकीच्या प्लेटला 75 मि.मी.चे गोल भोक पाडायचे म्हटले की अनेकांची गाडी अडते. साध्या लोखंडावर गॅस कटर चालतो, पण कड खडबडीत होते. स्टेनलेसला तर गॅसची ज्योत कापतच नाही. मग होल सॉ आणला जातो आणि दुसऱ्याच भोकाला त्याचे दात जळतात. दोष दुकानदाराला दिला जातो. आमच्या मते बहुतेक वेळा दोष फेऱ्यांचा असतो.

हिशोब साधा आहे. भोक जितके मोठे, तितका दाताला एका फेऱ्यात जास्त पल्ला. म्हणून 9000 या आकड्याला व्यासाच्या मिलिमीटरने भागावे. 12 मि.मी.च्या ड्रिलला मिनिटाला 750 फेरे चालतात, पण 75 मि.मी.च्या होल सॉला फक्त 120. स्टेनलेस असेल तर त्याच्याही निम्मे, म्हणजे 60. हातातल्या साध्या ड्रिल मशीनचे फेरे यापेक्षा कितीतरी जास्त असतात. पिलर ड्रिलवर पट्टा मोटारीच्या लहान पुलीवरून स्पिंडलच्या मोठ्या पुलीवर घ्यावा. तरीही फेरे जास्त राहिले तर गिअरवाले मशीन गाठावे.

स्टेनलेसचा स्वभाव हट्टी. दात नुसता घासत राहिला की जागा आणखी कडक होते. म्हणून दाब एकसारखा ठेवावा आणि कटिंग ऑइल सोडत राहावे. सॉ बायमेटलचा, कोबाल्ट दातांचा घ्यावा. फारच चिवट प्लेटला कार्बाइड दातांचा. एक युक्ती आम्ही आवर्जून सांगतो: कापायच्या रेषेला आतून चिकटून 6 मि.मी.चे आरपार भोक आधी पाडावे. बुरा त्यातून खाली पडतो, दात मोकळे राहतात. प्लेट जाड असेल तर पायलटचे भोक धरून दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे कापावे.

प्लेट क्लॅम्पने पक्की आवळल्याशिवाय मशीन सुरू करू नये. दात अडकला तर सुटी प्लेट गरगर फिरते आणि मनगट मोडते. चष्मा लावावा, कुर्त्याच्या बाह्या वर कराव्यात, हातमोजे काढून ठेवावेत.

जाड प्लेटचे काम नेहमी येत असेल तर चुंबकाने प्लेटला चिकटणारे ड्रिल आणि अॅन्युलर कटर हाच खरा उपाय. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार वर्कशॉपवाल्यांनी भागीत घ्यावे.

होल सॉ जळाला तर नवा आणता येतो. ग्राहकाची स्टेनलेस प्लेट वाया गेली तर त्या कामाचा सारा नफा जातो, आणि पुढची ऑर्डरही. म्हणून फेऱ्यांचा तक्ता खडूने भिंतीवर लिहून ठेवा. शागीर्दालाही तो पाठ होऊ द्या.