‘अप’ म्हणजे वर नव्हे : सोडणे आणि सोपवणे यांची इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीतली जोडक्रियापदे म्हणजे कशीही जुळलेल्या शब्दांची यादी, तिला नियम नाही, ती घोकण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज मराठी माध्यमाच्या शाळांत घट्ट बसला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसाकडच्या मुलाच्या हाती शेवटी उरते ती यादीच : ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, ‘हँड ओव्हर’ म्हणजे सोपवणे, ‘सरेंडर’ म्हणजे शरण जाणे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, तर दोन्ही मिळून ‘सोडणे’ कसे झाले, असे त्याने विचारले तर ‘इंग्रजीत तसेच असते’ एवढे सांगून त्याला बसवले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या मुलाच्याच बोलण्यात आहे.

‘सोडून देणे’ यात कोण कोणाला काय देतो? कोणीच काही देत नाही. ‘देऊन टाकणे’ यात टाकले जात नाही आणि ‘देऊन बसणे’ यात कोणी बसत नाही. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ विरून गेलेला असतो. क्रिया कशी संपली आणि बोलणाऱ्याला तिच्याविषयी काय वाटते, एवढेच ते सांगते. ‘जमीन भावाला दिली’, ‘देऊन टाकली’, ‘देऊन बसला’ : व्यवहार एकच, पण पहिल्यात नुसती नोंद आहे, दुसऱ्यात कायमची मोकळीक आणि तिसऱ्यात पश्चात्ताप. गोंदियाच्या बाजारात कानावर पडणाऱ्या हिंदीतले ‘छोड़ देना’ही याच घडणीचे. इंग्रजी ‘अप’ पुष्कळदा हेच काम करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. त्याच रांगेत ‘गिव्ह अप’, म्हणजे पुरते सोडून देणे. ‘ओव्हर’ने मात्र आपला अर्थ बराचसा राखला आहे : या बाजूकडून त्या बाजूला. म्हणून ‘हँड ओव्हर’ला घेणारा हात लागतो, ‘गिव्ह अप’ला लागतोच असे नाही. आणि ‘हँड डाउन’ म्हणजे वरच्या पिढीने खालच्या पिढीला देणे.

यावर कोणी म्हणेल की सगळीच जोडक्रियापदे अशी उलगडत नाहीत. खरे आहे. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे त्याच्या तुकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही. काही पाठ करावीच लागतील. शिवाय दोन्ही भाषांची रचनाही एक नाही. मराठीत दुसरे पद क्रियापद असते आणि तेच काळ-वचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते अव्यय असते आणि सर्वनाम दोहोंच्या मध्ये बसते. ‘हँड इट ओव्हर’ बरोबर, ‘हँड ओव्हर इट’ चूक. साम्य घडणीत नसून कामात आहे. पण शिकणाऱ्याला ओळखीची वाट दाखवायला तेवढे साम्य पुरते, आणि ती वाट कोणी दाखवत नाही याचे मला वाईट वाटते.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो. समानार्थी म्हणून एका ओळीत छापलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असे धरले जाते. गोंदियाच्या पूर्वेकडील तालुक्यांना परिचित असलेला एक प्रसंग घ्या. राज्य शासनाची नक्षलवाद्यांसाठीची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे. अशा आत्मसमर्पणाची इंग्रजी बातमी नीट लिहायची तर माणूस ‘सरेंडर’ करतो, बंदूक पोलिसांकडे ‘हँड ओव्हर’ करतो आणि हिंसेचा मार्ग ‘गिव्ह अप’ करतो. हिंसा ‘हँड ओव्हर’ करता येत नाही, कारण ती घेणारा कोणी नसतो. याच जिल्ह्यातल्या मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची गोष्ट वेगळी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलावांवरचे हक्क शासनाकडे गेले. मालगुजारांनी ते ‘गिव्ह अप’ केले नव्हते. कायद्याने ते शासनाच्या ठायी ‘व्हेस्ट’ केले, मराठीत आपण ‘निहित झाले’ म्हणतो. २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान सोडण्याचे आवाहन झाले तेव्हा घोषवाक्य होते ‘गिव्ह इट अप’, कारण तिथे सोडणाऱ्याची इच्छा महत्त्वाची होती. तेव्हा शब्द निवडण्याआधी विचारायचे ते हे : वस्तू कोणाच्या ताब्यात होती, ती राजीखुशीने सुटली की दबावाने, आणि पुढे कोणाच्या हाती गेली?

ताबा आणि इच्छा हाच ‘स्टॉप’ आणि ‘गिव्ह अप’मधलाही फरक आहे. पावसामुळे भाताची रोवणी थांबली तर ती ‘स्टॉप’ झाली, उद्या पुन्हा सुरू होईल. शेतकऱ्याने यंदा रोवणीचा नादच सोडला तर ते ‘गिव्ह अप’. पाऊस स्वतः ‘स्टॉप’ होतो, ‘गिव्ह अप’ करू शकत नाही, कारण त्याला इच्छा नाही. ‘गिव्ह इन’ आणखी निराळे : समोरच्याच्या दबावापुढे नमणे. चर्चिलने २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो शाळेत मुलांना ‘नेव्हर गिव्ह इन’ असे बजावले होते. भित्तिपत्रकांवर मात्र त्याच्या नावाने ‘नेव्हर गिव्ह अप’ छापले जाते. युद्धाच्या ऐन भरात बोलणाऱ्या पंतप्रधानाच्या डोळ्यांपुढे शत्रू होता. ‘इन’च्या जागी ‘अप’ घातला की तो शत्रू वाक्यातून नाहीसा होतो आणि उरतो तो नुसता चिकाटीचा उपदेश.

जोडक्रियापदे बोलण्यापुरती, परीक्षेत भारदस्त एकशब्दी पर्यायच लिहावा, हा सल्लाही अर्धवट आहे. पदभार सोपवताना सरकारी कागदावरही ‘हँडिंग ओव्हर’ असतेच. ‘रिलिंक्विश’ हा शब्द कायद्याचा. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतला वाटा सोडला की हक्कसोडपत्राला इंग्रजीत ‘रिलिंक्विशमेंट डीड’ म्हणतात, आणि स्थावर मालमत्तेच्या अशा दस्ताला नोंदणी लागते. तिथे तो शब्द हवाच. पण सिगारेट सोडलेल्या माणसाने ती ‘रिलिंक्विश’ केली असे लिहिले, तर परीक्षकाला त्यात भारदस्तपणा दिसणार नाही, शब्दाची चुकलेली जागा दिसेल.