पत्त्याएवढ्या कार्डाला पाच कोटी कशाचे?

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यात एक जरा वेगळा होता. एका ताईने विचारलं होतं, "माझा मुलगा मोबाइलवर दाखवतो की अमेरिकेत एका खेळाडूच्या फोटोचं कार्ड कोट्यवधी रुपयांना विकलं गेलं. हे खरं का? आणि खरं असेल तर आपल्या पेटीतल्या जुन्या नोटांनाही तसाच भाव येतो, हे सुद्धा खरं का?" प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर होय. दुसऱ्याचं उत्तर पहिलं नीट समजलं की आपोआप सापडतं. म्हणून आज आधी त्या कार्डाचीच गोष्ट सांगतो.

त्या खेळाडूचं नाव मायकल जॉर्डन. बास्केटबॉल म्हणजे उंचावर लावलेल्या जाळीत चेंडू टाकायचा खेळ, आपल्या शाळांच्या मैदानावरही कुठे कुठे त्याचे खांब दिसतात. जॉर्डन १९८४ मध्ये शिकागो शहराच्या 'बुल्स' या संघात आला. उंची साडेसहा फूट, आणि उडी अशी की माणूस हवेत थांबलाय असं वाटावं. १९९१ ते १९९८ या काळात त्याच्या संघाने सहा वेळा अजिंक्यपद मिळवलं. तुम्ही त्याला कधी खेळताना पाहिलं नसेल, पण त्याची खूण पाहिली असणार. आठवडी बाजारात पोरांच्या बुटांवर आणि बनियनवर पाय फाकून उडणारा एक काळा माणूस छापलेला असतो ना, तो हाच.

आता कार्ड. अमेरिकेत खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं विकायची शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. आधी ती सिगारेटच्या पाकिटात येत, पुढे चघळायच्या गमबरोबर येऊ लागली. आपल्याकडे पोरं काडेपेटीचे छाप जमवायची, बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायची, तसंच. तिथली पोरं कार्डांची अदलाबदल करत, रबर लावून गठ्ठे ठेवत, आणि कपड्याच्या चिमट्याने ती सायकलच्या चाकाला लावून फटफट आवाज काढत. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडली की आया खोली झाडायच्या आणि ते गठ्ठे कचऱ्यात जायचे. हे थट्टेने सांगत नाही. जुन्या कार्डांची किंमत वाढली, त्यात या आयांच्या केरसुणीचा मोठा वाटा आहे! सगळ्यांनी सगळं जपून ठेवलं असतं तर आज कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

खेळाडू नवा असताना निघालेल्या त्याच्या पहिल्या कार्डाला तिकडे 'रूकी कार्ड' म्हणतात, म्हणजे नवखेपणाचं कार्ड. जमवणाऱ्यांना तेच हवं असतं. जॉर्डनचं सगळ्यात प्रसिद्ध रूकी कार्ड १९८६ साली फिलाडेल्फियाच्या 'फ्लीअर' या गम बनवणाऱ्या कंपनीने काढलं. पूर्ण संच १३२ कार्डांचा, त्यात जॉर्डनचा क्रमांक ५७. कार्ड अडीच इंच रुंद, साडेतीन इंच लांब, म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढं. भोवती लाल, पांढरी, निळी चौकट आणि मधे लाल बनियन घातलेला जॉर्डन जाळीकडे झेपावतोय. एका पाकिटात अशी बारा कार्डं, एक स्टिकर आणि गमचा एक तुकडा. पाकिटाची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी. त्या वेळी बास्केटबॉलच्या कार्डांना फारशी मागणी नव्हती, लोक बेसबॉलची कार्डं घ्यायचे.

इथे एक गंमत आहे. १९८६ मध्ये जॉर्डन काही नवखा राहिला नव्हता, दोन वर्षं खेळून झाली होती. मग हे पहिलं कार्ड कसं? झालं असं की १९८२ नंतर काही वर्षं मोठ्या कंपन्यांनी बास्केटबॉलची कार्डं काढलीच नाहीत. 'स्टार' नावाच्या एका लहान कंपनीने १९८४च्या हंगामात जॉर्डनचं कार्ड काढलं होतं, पण ते दुकानातल्या गमच्या पाकिटात येत नसे, पिशवीत भरून व्यापाऱ्यांमार्फत विकलं जाई. त्यामुळे बहुतेक जमवणारे फ्लीअरच्या कार्डालाच पहिलं मानतात, आणि काही जण आजही वाद घालतात की खरं पहिलं ते स्टारचं. पहिलं कोणतं हे सुद्धा लोकांच्या समजुतीवर ठरलंय, हे लक्षात ठेवा. भावही त्या समजुतीमागे गेला.

तुम्हाला वाटेल, हे कार्ड फारच दुर्मिळ असणार. तसं अजिबात नाही. वीस हजारांहून जास्त कार्डं तर एकट्या एका कंपनीकडून तपासून घेतलेली आहेत. दुर्मिळ आहे ते निष्कलंक कार्ड.

ही तपासणी समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा पैसा तिथेच फिरतो. अमेरिकेत १९९१ मध्ये 'पीएसए' नावाची कंपनी सुरू झाली. तुम्ही कार्ड पाठवायचं, फी भरायची. तिथले लोक चार गोष्टी बघतात. चित्र चौकटीच्या बरोबर मधे छापलंय का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, आणि पृष्ठभागावर ओरखडा, सुरकुती किंवा डाग आहे का. मग एक ते दहा गुण देतात आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून वर क्रमांक लावतात. जॉर्डनच्या कार्डाची चौकट रंगीत असल्यामुळे कडेचा जरासा रंग उडाला तरी आतला पांढरा पुठ्ठा डोळ्यांत भरतो. कापताना चित्र एका बाजूला सरकलेली कार्डंही पुष्कळ. पाकिटातल्या गमचे डाग वेगळेच. त्यामुळे वीस हजारांहून जास्त कार्डांतून दहापैकी दहा गुण मिळाले ते तीनशेच्या थोडंसं वर. नऊ गुणांचं कार्ड साध्या डोळ्यांना अगदी तसंच दिसतं, पण त्याला दहाच्या किमतीचा लहानसा हिस्साच मिळतो. त्या एका गुणात कित्येक घरं बसतील एवढा पैसा आहे. आमच्या मते हा वेडेपणा आहे, पण हौसेला मोल नसतं, आणि पैसा त्यांचा आहे.

आता किंमत. २०२० मध्ये करोनामुळे लोक घरात अडकले होते. त्याच एप्रिल-मे महिन्यांत जॉर्डन आणि त्याच्या संघावर 'द लास्ट डान्स' नावाची माहितीपट मालिका आली. लहानपणी ज्यांच्या खोलीत त्याची चित्रं होती, ती मुलं आता चाळिशीत, हातात पैसा असलेली. सगळ्यांना एकदमच ते कार्ड हवंसं झालं. जानेवारी २०२१ च्या अखेरीस दहा गुणांचं कार्ड लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाच कोटी रुपयांच्या वर. तपासणीसाठी पोस्टाने इतकी कार्डं येऊन पडली की त्या मार्चमध्ये पीएसएला बहुतेक प्रकारची नवी कार्डं घेणं काही काळ थांबवावं लागलं.

मोबाइलवरचा व्हिडिओ साधारण इथे संपतो. पुढचं ते सांगत नाहीत. पुढच्या दीड वर्षात त्याच गुणांची कार्डं दोन लाख डॉलरच्या आसपास आली. कार्ड तेच, डबी तीच, गुण तेच. ज्याने वरच्या भावात घेतलं, त्याचे दोन तृतीयांशाहून जास्त पैसे कागदावर तरी गेले. टोमॅटोचा भाव पडला तर निदान सांबारात तरी जातो, पुठ्ठ्याचं काय करणार?

आणखी एक हिशेब बघा. जॉर्डनचं यश पाहून १९९० च्या आसपास कंपन्यांनी कार्डं भरमसाट छापली, आणि लोकांनी ती मुलांच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी म्हणून खोकी भरभरून माळ्यावर ठेवली. खेळाडू तोच, उलट तोवर जास्तच प्रसिद्ध झालेला. पण सगळ्यांनीच जपली, त्यामुळे तुटवडा झाला नाही. त्यातली बहुतेक साधी कार्डं आज दोन-चार डॉलरलाही मुश्किलीने जातात. जुनं आहे म्हणून महाग, असा नियम कुठेच नाही.

जिथे एवढा पैसा, तिथे नकली माल आलाच. जॉर्डनच्या या कार्डाच्या खोट्या प्रती कित्येक वर्षांपासून बाजारात आहेत. जाणकार भिंग घेऊन बसतात. खऱ्या छपाईत फोटो बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो, पण नावाची अक्षरं आणि काळ्या रेघा भरीव, सलग असतात. खऱ्या कार्डाचा फोटो काढून नकल छापली की अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात. घरी लग्नपत्रिका असेल तर तिच्यावर भिंग धरून बघा, ठिपके दिसतील. काही ठग जुनं पाकीट हलकेच उघडून जॉर्डनचं कार्ड काढून घेतात आणि पाकीट पुन्हा चिकटवून 'न उघडलेलं' म्हणून विकतात. काही जण झिजलेल्या कडा पात्याने सरळ कापतात. बेसबॉलच्या होनस वॅग्नर या खेळाडूचं एक फार जुनं, जगप्रसिद्ध कार्ड पीएसएने सगळ्यात आधी तपासलं, त्याला चांगले गुणही दिले. पुढे २०१३ मध्ये एका लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा त्याने कापल्या होत्या. म्हणजे डबीतलं कार्डही माणसाच्या नजरेनेच तपासलेलं असतं. सोन्यावरच्या हॉलमार्कमागे कायदा आहे, आणि दागिना वितळवला तरी सोनं उरतं. इथे एका खासगी कंपनीचं मत आहे, आणि बाजाराचा त्या मतावर विश्वास आहे.

यातून कमावतं कोण, तेही ऐका. तपासणाऱ्या कंपनीला प्रत्येक कार्डामागे फी मिळते, मग दहा गुण येवोत की चार. लिलाववाल्याला प्रत्येक विक्रीवर कमिशन. जपून ठेवणाऱ्याला तिजोरी, विमा, कुरिअर, सगळा खर्च आपल्या खिशातून. आणि भाव सांगणं वेगळं, पैसे हातात येणं वेगळं. अडत्याने फोनवर कांद्याचा भाव काय सांगितला आणि पट्टी काय आली, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथले शहाणे जमवणारेही कुणी किती मागतोय ते बघत नाहीत, त्याच गुणांचं कार्ड गेल्या महिन्यात किती रुपयांना खरोखर विकलं गेलं ते बघतात.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखाला जाते, असे व्हिडिओ गावोगाव फिरतात. कार्डाला लावले तेच प्रश्न नोटेला लावू या. ती कमी आहे का? ती नोट अफाट संख्येने छापली गेली, आणि छपाई थांबली असली तरी आजही कायदेशीर चलन आहे, म्हणजे बाजारात पाच रुपयांना चालते. ती निष्कलंक आहे का? पेटीत घडी घालून ठेवलेल्या नोटेवर घडीची रेघ पडलेली असते. नोटा-नाणी जमवणारे खरे हौशी लोक आहेत, काही नोटांना ते जास्त पैसेही देतात, पण ते नोट हातात घेऊन, उजेडात धरून बघतात. फोनवर लाख रुपये कबूल करत नाहीत.

आणि मुख्य खूण ही की खरा गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतो, आपल्याकडे मागत नाही. "तुमची नोट पास झाली, आता नोंदणीचे पाचशे पाठवा," मग "टॅक्सचे दोन हजार," मग "रिझर्व्ह बँकेचं शुल्क," अशी ही साखळी चालते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तिच्या नावाने ते घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. समोरच्याने बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र पाठवलं तरी तेच.

कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त. पाठवलेले मेसेज पुसू नका, पैसे गेल्याची पावती मोबाइलमध्ये राहू द्या.

आणि घरात खरोखरच जुनी कार्डं, तिकिटं, नाणी असतील, कुणाच्या आजोबांनी हौसेने जमवलेली, तर त्यांचं लॅमिनेशन करू नका. शाळेचे दाखले लॅमिनेट करायची आपली सवय आहे, पण हौशी माणसाच्या लेखी लॅमिनेशन केलेला कागद संपला. नाणी चिंचेने घासू नका. कागदाला रबर लावू नका, त्याने कडा दबतात. कोऱ्या कागदी पाकिटात घालून, ओल नसलेल्या जागी, सपाट ठेवा, आणि ती कुणी कुठून आणली ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.