हरणाऱ्यालाही हसवणारा खेळ

हरल्यावर माणसाला हसू केव्हा येते? परीक्षेत गुण कमी पडले तर येत नाही, हे तुम्ही स्वानुभवाने सांगाल. पण खो-खो खेळताना पाठलाग करणारा गडी अगदी मागे येऊन ठेपावा, ऐन वेळी आपलाच पाय घसरावा आणि आपण मातीत लोळावे, तर बाद होऊनही आपण हसतच उठतो. म्हणजे हरण्याचे दोन प्रकार झाले. एक मनाला लागणारा, दुसरा गमतीचा. हा फरक कशामुळे पडतो? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका संगणकीय खेळात शोधू या. खेळ आहे बंदुकांचा, पण त्याची प्रसिद्धी आहे विनोदासाठी. त्याचे नाव ‘टीम फोर्ट्रेस २’.

या खेळाचा इतिहास थोडक्यात असा. १९९६ साली ‘क्वेक’ नावाचा नेमबाजीचा संगणकीय खेळ निघाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉगली या तिघांनी त्यात फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ हा सांघिक खेळ रचला. पुढे अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने वॉकर आणि कुक यांना आपल्याकडे घेतले. १९९९ साली दुसऱ्या आवृत्तीचे जे रूप लोकांना दाखवण्यात आले, ते खऱ्याखुऱ्या सैन्यासारखे गंभीर होते. मग कित्येक वर्षे काहीच बाहेर आले नाही. अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये खेळ हाती आला, तेव्हा सारा नूरच पालटला होता. सैनिकांच्या जागी व्यंगचित्रातून उतरल्यासारखी नऊ पात्रे आली होती. चपळ स्काउट, बढाईखोर सोल्जर, आग ओकणारा पायरो, सुरुंगवाला डेमोमन, अगडबंब हेवी, यंत्रे उभारणारा इंजिनीअर, जखमा भरून काढणारा मेडिक, दुरून नेम धरणारा स्नायपर आणि वेष पालटणारा स्पाय. लाल आणि निळा असे दोन संघ. प्रत्येक खेळाडू आपापल्या घरच्या संगणकावर बसलेला, आणि सर्वांना जोडणारा एक मध्यवर्ती संगणक. २०११ पासून हा खेळ विनामूल्य झाला.

या खेळात बाद झालात की पडद्यावर क्षणभर चित्र गोठते. तुम्हाला बाद करणारा त्यात ऐटीत उभा दिसतो, आणि आजूबाजूला ‘हा तुमचा पाय’, ‘हे तुमचे स्वादुपिंड’ अशा चिठ्ठ्या दिसतात! काही सेकंदांनी तुम्ही पुन्हा खेळात येता. हा झाला वरवरचा विनोद. पण नुसत्या चिठ्ठ्यांनी कोणी वर्षानुवर्षे हसत नाही. हरणाऱ्याला हसू यायचे, तर तीन गोष्टी जमाव्या लागतात. आपल्याला कोणी हरवले हे चटकन कळले पाहिजे, कसे हरवले हे पटले पाहिजे, आणि निवाडा न्याय्य वाटला पाहिजे. या तिन्ही गोष्टींमागे विज्ञान आहे. ते क्रमाने पाहू.

सावलीवरून माणूस ओळखा

धावपळीत समोर आलेला गडी कोण, हे ओळखायला खेळाडूला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून प्रत्येक पात्राची नुसती काळी सावली पाहूनही ते ओळखता यावे, अशी त्याची आकृती बेतलेली आहे. हेवी कपाटासारखा रुंद, स्काउट काठीसारखा किडकिडीत. व्हॉल्व्हमधील जेसन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या चित्रणपद्धतीवर एक शोधनिबंधच प्रसिद्ध केला. त्यात ओळखीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. रंगावरून मित्र की शत्रू ते कळावे, आकृतीवरून पात्र कळावे आणि हातातले शस्त्र कोणते तेही कळावे. शस्त्र छातीच्या उंचीवर धरलेले असते. म्हणून पात्राचे पाय गडद आणि छातीचा भाग उजळ ठेवला, की नजर आपोआप तेथे जाते.

येथे प्रकाशाचा एक जुना नियम कामी आला आहे. योहान लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडल्याप्रमाणे, खरबरीत पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाची तीव्रता ही किरण आणि पृष्ठभागावरील लंब यांच्यातील कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असते. कोन ० अंश असेल तर पूर्ण उजेड, ६० अंश असेल तर निम्मा, आणि ९० अंशांना शून्य. संगणकाने हा नियम तंतोतंत पाळला, तर प्रत्येक पात्राची मागची बाजू काळीठिक्कर पडेल आणि आकृतीचा बारकावा हरवेल. म्हणून या कंपनीच्या चित्रकारांनी एक युक्ती केली. कोज्या निम्मी करायची आणि तीत अर्धा मिळवायचा. आता ९० अंशांनाही अर्धा उजेड उरतो आणि पूर्ण काळोख १८० अंशांवर जातो. निसर्गनियम मोडला खरा, पण तो नीट जाणून, आणि पाहणाऱ्याच्या सोयीसाठी. व्यंगचित्रकार तरी दुसरे काय करतो?

विनोदातले गणित

खेळाच्या प्रसिद्धीसाठी २००७ साली हेवीवर एक लहानसा चित्रपट काढण्यात आला. त्यात हा बलदंड गडी आपल्या बंदुकीचे कौतुक सांगतो. बंदुकीचे वजन १५० किलोग्रॅम, प्रत्येक काडतुसाची किंमत २०० डॉलर आणि वेग मिनिटाला १०,००० गोळ्या. बारा सेकंद चालवायला चार लाख डॉलर लागतात, असे तो ऐटीत सांगतो. करा बरे हिशेब! मिनिटाला १०,००० म्हणजे बारा सेकंदांत २,०००. त्याला २०० ने गुणा. उत्तर बरोबर चार लाख येते. बढाई अचाट आहे, पण गुणाकार चोख आहे.

आता आपण थोडे पुढे जाऊ. समजा, एक गोळी १० ग्रॅमची आहे आणि तिचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. तिचा संवेग झाला ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सेकंदाला सुमारे १६७ गोळ्या सुटतात. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार संवेगबदलाचा दर म्हणजे बल. ते येते जवळजवळ १,३३० न्यूटन. तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच धक्का उलट दिशेने हेवीला बसणार. म्हणजे दीड क्विंटलाची बंदूक हातात पेलून, वर सुमारे १३६ किलोग्रॅम वजनाइतका रेटा अखंड सोसायचा! हेवी एवढा अगडबंब का काढला आहे, हे आता ध्यानात आले ना?

सोल्जरची करामत त्याहून अजब. तो स्वतःच्या पायाशी रॉकेट डागतो आणि स्फोटाच्या झोताने उंच उडतो. ही युक्ती मूळच्या ‘क्वेक’ खेळातही होती. नव्या खेळात तिला मुद्दाम मोकळीक दिली आहे. सोल्जरच्या २०० जीवनगुणांपैकी काही तेवढे खर्ची पडतात. प्रत्यक्षात काय होईल? ८० किलोग्रॅमच्या माणसाला ५ मीटर उंच उडायचे, तर सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर हवा, म्हणजेच ८०० न्यूटन-सेकंदांचा आवेग हवा. स्फोटाचा रेटा एक शतांश सेकंद टिकतो असे धरले, तर बल येते ८०,००० न्यूटन. हे माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपट आहे. अशा आघाताने हाडांचा चुरा होईल. हा प्रयोग कागदावरच करायचा असतो, हे वेगळे सांगायला नको!

मात्र एक गोष्ट पाहा. खेळात हा नियम अवास्तव असला, तरी सर्वांना सारखा लागू आहे. शत्रू छपरावरून डोक्यावर आदळला, तर तो कसा आला हे तुम्हाला ठाऊक असते, आणि पुढच्या खेपेला तुम्हालाही तसेच उडता येते.

कोणाचे घड्याळ खरे?

तिसरी गोष्ट निवाड्याची, आणि तीच सर्वांत अवघड. समजा, तुम्ही मुंबईत बसून खेळता आहात आणि मध्यवर्ती संगणक सिंगापूरला आहे. अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. संदेश जातो प्रकाशतंतूतून. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. तेव्हा एका बाजूच्या प्रवासाला निदान ०.०२ सेकंद लागणार. तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. शिवाय इतर खेळाडूंची हालचाल धक्के न खाता दिसावी, म्हणून खेळाच्या मूळ रचनेत तुमचा संगणक त्यांना आणखी ०.१ सेकंद जुन्या जागी दाखवतो. म्हणजे पडद्यावर तुम्ही पाहता तो वर्तमान नसून ०.१२ सेकंदापूर्वीचा भूतकाळ असतो!

एवढ्याने काय बिघडते, असे म्हणाल. स्काउटचा वेग खेळाच्या मापात सेकंदाला ४०० एकक आहे. ०.१२ सेकंदात तो ४८ एकक सरकतो, आणि खेळातील पात्राची रुंदीही जवळजवळ तेवढीच धरलेली आहे. त्यात तुमची गोळी सिंगापूरला कळायला आणखी ०.०२ सेकंद. म्हणजे तुम्ही अचूक नेम धरलात, तरी गोळी रिकाम्या जागेत जाणार. नेमबाजाला हे पटेल काय?

यावरील उपाय व्हॉल्व्हमधील यान बर्नियर यांनी २००१ साली एका निबंधात सविस्तर मांडला. मध्यवर्ती संगणक प्रत्येक गड्याच्या मागील एक सेकंदातील जागा लक्षात ठेवतो. गोळीचा संदेश आला, की तो गणित करतो, नेमबाजाने पाहिले त्या क्षणापर्यंत सर्वांना मागे नेतो, तेथे नेम तपासतो आणि पुन्हा सर्वांना पुढे आणतो. या साऱ्याला लागणारा वेळ आपल्या जाणिवेपलीकडचा असतो. संथपणे उडत जाणाऱ्या रॉकेटांना मात्र ही सवलत नाही. तेथे शत्रू कोठे पोचेल याचा अंदाज खेळाडूनेच बांधायचा.

या उपायाला किंमत आहेच. तुम्ही पळत भिंतीआड शिरता, सुटलो म्हणून श्वास टाकता आणि तेवढ्यात बाद होता! नेमबाजाच्या पडद्यावर तुम्ही अजून भिंतीबाहेरच होता. स्पायचा पाठीतला वार तर कधी कधी समोरून आल्यासारखा दिसतो. दोघेही खरेच सांगत असतात. दोघांचे ‘आता’ निराळे असते. हा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम नव्हे. विजेमागून गडगडाट ऐकू यावा तसा हा संदेशाला लागणाऱ्या वेळेचा परिणाम आहे. दोघांपैकी एकाची बाजू घ्यावीच लागते, आणि या खेळाने नेमबाजाची घेतली.

हसू कोठे विरले?

ही तीन तत्त्वे मोडली की काय होते, हेही या खेळाने दाखवून दिले. २०२० च्या सुमारास खेळात यंत्रचलित खेळाडूंचा सुळसुळाट झाला. तुमच्या पडद्यावर शत्रूचे चित्र काढायचे, तर त्याची जागा आकड्यांत तुमच्या संगणकाकडे यावीच लागते. हे लबाड कार्यक्रम चित्र पाहतच नाहीत. ते थेट आकडे वाचतात, त्रिकोणमितीने कोन काढतात आणि डोक्याचा अचूक वेध घेतात. माणसाच्या डोळ्यापासून बोटापर्यंत आज्ञा पोचायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. यंत्राला त्याचा अंशही लागत नाही.

यंत्राकडून बाद झाल्यावर कोणाला हसू आले नाही. चिठ्ठ्या त्याच, पात्रे तीच, पण पलीकडे चुकणारा, घसरणारा, फजिती होणारा माणूसच उरला नव्हता. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये खेळाडूंनी मोठ्या संख्येने दाद मागितली आणि त्यानंतर कंपनीने अशी अनेक खाती बंद केली. मला हे प्रकरण फार बोलके वाटते. लोक भांडले ते जिंकण्यासाठी नव्हे, तर न्यायाने हरता यावे यासाठी.

दोन शब्द सावधगिरीचे. अमेरिकेतील मूल्यांकन मंडळाने हा खेळ १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी ठरवला आहे, कारण विनोद असला तरी रक्तपात दाखवला आहेच. तसेच खेळ विनामूल्य असला, तरी टोप्या आणि बंद पेट्या यांवर पैसे खर्च करण्याचा मोह तो घालतो. पेटीतून काय निघेल हे केवळ संभाव्यतेवर असते, आणि आधीच्या दहा पेट्या वाया गेल्या म्हणून अकरावी अधिक उदार होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने या खेळाची आज्ञावली बिगरव्यापारी वापरासाठी खुली केली आहे. संगणकाची आवड असलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांना खेळण्यापेक्षा ती वाचण्यातच जास्त मौज वाटेल.

करून पाहा

यातला गाभा वर्गातही तपासता येईल. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळती ठेवायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न टेकता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. पट्टी किती घसरली ते मोजा आणि अंतराची दुप्पट भागिले ९८० याचे वर्गमूळ काढा. १५ सेंटिमीटर आले तर तुमचा प्रतिसादकाल ०.१७ सेकंद, २० आले तर ०.२० आणि २५ आले तर ०.२३. प्रत्येकाने दहा वेळा करून सरासरी घ्यावी. शिक्षकांनी सर्व वर्गाचे आकडे फळ्यावर मांडून आलेख काढावा.

मग एका प्रश्नावर वर्गात चर्चा करा. मध्यवर्ती संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले, तर तुम्ही कोणाची बाजू घ्याल? ज्याने आपल्या पडद्यावर अचूक नेम धरला त्याची, की जो आपल्या पडद्यावर भिंतीआड सुखरूप पोचला त्याची? उत्तर काहीही द्या, पण हरणाऱ्याला ते पटवून देता येईल असे द्या.