श्रीखंडावरचा अननस

श्रीखंडावर, शिऱ्यावर किंवा कस्टर्डवर घालायला अननसाचा पाक घरी करणे मुळीच अवघड नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आणि साहित्य चार जिनसांचे. तरीही त्यावर लिहावेसे वाटले, कारण त्यातील एक पायरी पुष्कळजण केवळ आवडीनिवडीची बाब समजून गाळतात. ती पायरी म्हणजे फळ शिजवणे.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि येताना नावही तिकडचेच आले. त्यामुळे या अंकाचा मराठी विभाग वाचणारा असो की कन्नड, थोड्या उच्चारभेदाने दोघांच्या घरी तो अननसच.

आता मुद्द्याकडे वळू. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. प्रथिने तोडणे हे त्याचे काम. अननस फार खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही याचा हात असतो. चक्क्याची घट्ट बांधणी होते ती दुधातील केसीन या प्रथिनामुळे. कच्च्या फोडी मिसळल्या की ब्रोमेलिन केसीनच्या लांब साखळ्या तोडू लागते. तुटलेले काही तुकडे चवीला कडू असतात. शिवाय बांधणी ढिली होऊन श्रीखंड पातळ पडते. हे सारे तासा-दोन तासांत हळूहळू घडते. कालवताना चव उत्तम असते आणि म्हणूनच पुढे दोष भलत्याच्या माथी बसतो.

एका लग्नात मी हे पाहिले आहे. सकाळी कालवलेले अननसाचे श्रीखंड दुपारच्या पंगतीला कडवट लागले. चक्का शिळा दिला असे ठरवून दूधवाल्याचे पैसे कापले गेले. त्याच चक्क्याचे साधे श्रीखंड शेजारच्या पातेल्यात होते आणि ते चांगले होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. यजमानांना मी कारण समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण कापलेले पैसे कापलेलेच राहिले.

उष्णतेने ब्रोमेलिन निकामी होते. म्हणून कृती अशी. एका मध्यम अननसाची साल आणि डोळे काढून, मधला कठीण दांडा वगळून बारीक फोडी करा. साधारण अर्धा किलो फोडींना अर्धी वाटी पाणी घालून स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून दहा मिनिटे चांगल्या उकळू द्या. साखर आधी घालू नये. साखरेत फोडी लवकर मऊ होत नाहीत. फोडी शिजल्यावर २०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि दोन लवंगा घालून मंद आचेवर ढवळत राहा. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. त्याने गोडी बेताची लागते आणि पाकात साखरेचे खडे धरत नाहीत. एकतारी होण्याच्या आधीच उतरवा. गार झाल्यावर पाक आणखी दाटतो. पितळेचे भांडे वापरायचे झाल्यास कल्हई शाबूत असलेलेच घ्या, कारण फळ आंबट आहे.

पाक पूर्ण गार झाल्याशिवाय श्रीखंडावर घालू नका. मुरांब्याइतकी साखर यात नसल्यामुळे तो टिकाऊ नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा.

पडताळा पाहायचा असेल तर दोन वाट्यांत चक्का घ्या. एकीत कच्च्या फोडी आणि दुसरीत शिजवलेल्या घालून चार-पाच तासांनी चाखा. कच्ची पपई, अंजीर आणि किवी यांतही अशीच प्रथिने तोडणारी विकरे असतात. आंब्याला मात्र ही काळजी नाही. आम्रखंड निर्धास्तपणे कच्च्या रसाचे करावे. डबाबंद अननस डबा भरताना तापवलेलाच असतो, त्यामुळे तोही चालतो, फक्त त्याचा गोड पाक निथळून घ्यावा.