यवतमाळचा कापूस समुद्रापार कसा गेला : बोजा, गांठ व त्यांवरील खुणा

आमच्या संग्राहकांचें लक्ष बहुधा सनदा, महजर, वतनपत्रें व खलिते यांकडे वेधलेलें असतें, आणि तें योग्यहि आहे. परंतु एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील व्यापारी पेढ्यांचीं दप्तरें मात्र अद्यापि उपेक्षितच राहिलीं आहेत. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी व पांढरकवडा येथील पेठांचा जीव कापसावर. म्हणून तेथल्या जुन्या खतावण्या, बीजकें, बिल्ट्या व तोलाच्या चिठ्ठ्या यांत कापसाखेरीज फारसें कांहीं सांपडावयाचें नाहीं, अशा समजुतीनें त्या रद्दींत जातात. वस्तुतः ज्या मालानें हा समुद्रापासून दूरचा, डोंगराळ मुलुख परदेशच्या बाजारांशीं जोडला, त्याचा प्रवास याच कागदांत नोंदलेला आहे.

प्रस्तुत लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, यवतमाळच्या कापसाच्या परदेशगमनाचा इतिहास म्हणजे त्या मालाचें आकारमान टप्प्याटप्प्यानें कमी होत गेल्याचा इतिहास होय. आणि आकार जसजसा बदलला तसतसें त्याचें नांव, माप व कागद हींहि बदललीं. हा क्रम ध्यानांत घेतल्यावांचून तत्कालीन आंकडे वाचूं गेल्यास तिपटीची चूक सहज होते, हें पुढें उदाहरणानें स्पष्ट करूं.

१. जिल्ह्याचें नांव

प्रथम कालनिर्णयाला उपयोगी पडणारी एक गोष्ट. इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. सन १८६४ त यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके पूर्व वऱ्हाडांतून वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. त्यास आधीं आग्नेय वऱ्हाड व पुढें वणी असें नांव होतें. सन १९०५ त वाशीम जिल्ह्यांतील पुसद तालुका जोडला जाऊन त्यास यवतमाळ जिल्हा हें नांव मिळालें. तेव्हां ज्या कागदावर तारीख फाटली आहे, पण 'जिल्हा वणी' हीं अक्षरें शाबूत आहेत, तो १९०५ च्या अलीकडचा नसावा असें धरून चालण्यास हरकत नाहीं. त्याच काळांतील पुसदच्या कागदावर मात्र वाशीम जिल्ह्याचें नांव अपेक्षावें.

२. वजन व जागा

जहाजांत माल भरतांना दोन मर्यादा संभाळाव्या लागतात. एक वजनाची व दुसरी जागेची. म्हणून नोर, म्हणजे जहाजाचें भाडें, आकारतांना एक टन वजन किंवा ४० घनफूट जागा यांपैकीं जें अधिक भरेल तें धरण्याची रीत पडली. कांहीं बंदरांत, कांहीं मालांपुरतें, ४० ऐवजीं ५० घनफुटांचें माप चाले. लोखंड थोड्या जागेंत पुष्कळ वजन भरतें. त्याचें भाडें वजनावर. सरकी काढलेली रुई याच्या अगदीं उलट. ती वजनानें हलकी, परंतु आकारानें अवाढव्य. तशीच सैल भरली तर जहाजाचें पोट भरून जाईल आणि वजन कांहींच भरणार नाहीं. व्यापाऱ्यास भाडें मात्र सगळ्या जागेचें द्यावें लागेल. म्हणजे रुईंतील वारा काढणें हाच या व्यापाराचा मुख्य प्रश्न होता.

३. बैलाच्या पाठीवरील गोण

आगगाडीपूर्वीं हा प्रश्न बैलाच्या पाठीवर सोडवीत. पाठीच्या दोहों बाजूंस सारख्या वजनाच्या गोण्या लादीत व एका बैलावर सुमारें तीन बंगाली मण ओझें घालीत. वंजाऱ्यांचे तांडे वऱ्हाडची रुई घेऊन उत्तरेस मिर्झापुरास जात. तेथून ती गंगेंतून नावांनीं कलकत्त्यास उतरे. हा खुष्कीचा पल्ला पांचशें मैलांहून अधिक असून पावसाळ्यांत बंद असे. वाटेंतील धूळ व दंव यांनीं रुईचा रंग व कस जाई तो वेगळाच. इ. स. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीनें वऱ्हाडचा कापूस बैलांवर घालून थेट मुंबईस नेण्याचा उपक्रम केला, आणि या व्यापाराचें तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलें.

या काळांतील कागदांत मालाचें गणित बैलांवर असतें. 'बैल इतके' अशी नोंद आली तर ती जनावरांच्या विक्रीची कीं मालाच्या भरतीची, हें पुढील शब्दांवरून ठरवावें; पुढें गोणी, तांडा अथवा नायकाचें नांव असल्यास ती भरतीच समजावी. आज पुसद, दिग्रस या भागांत मोठ्या संख्येनें वसलेला वंजारी अथवा लमाण समाज या वाहतुकीचा वारसदार आहे. रेल्वेनें त्याचा धंदा बुडविला, परंतु वहींतील त्याचें माप कांहीं काळ तसेंच राहिलें.

४. गाडी, आगगाडी व बोजा

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना, व हिंदी कापसाची मागणी एकदम चढली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचें काम वऱ्हाडांतून पुढें सरकत होतें. १८६७ त ती नागपुरास पोंचली. यवतमाळ मात्र तिच्या वाटेवर नव्हतें. शहरास सोयीचें स्टेशन म्हणजे धामणगांव, पक्क्या सडकेनें २९ मैल. तेथपर्यंत सर्व माल बैलगाडीनें जाई.

गाडीवर व आगगाडीच्या डब्यांत घालण्यासाठीं रुई अर्धवट दाबून गोणपाटांत शिवीत, तो 'बोजा'. पुढें मुंबईस तोच माल सोडून पुनः पक्का दाबीत. या रीतींत दोन तोटे होते. एक तर डबा वजनानें भरण्याआधींच जागेनें भरे, व थळ घाटाच्या सदतिसांत एक अशा चढउतारावरून रेल्वेला अर्धा वाराच वाहून न्यावा लागे. दुसरें असें कीं, माल पुनः सोडतांना त्यांत भेसळ करण्यास वाव मिळे. मुंबई सरकारनें १८६३ सालींच कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा केला होता, यावरून ती तक्रार किती मोठी होती हें दिसतें. या दोन्ही कारणांनीं पक्का दाब देणारे कारखाने मुंबईंतून उठून कापसाच्या मुलखांतच येऊं लागले. यवतमाळच्या लोकांच्या तोंडीं असलेला 'जीन-प्रेस' हा जोडशब्द याच स्थित्यंतराची खूण आहे. जीन सरकी काढी, प्रेस गांठ बांधी.

५. गांठ

प्रेसचें तत्त्व साधें आहे. अरुंद नळींतील पाण्यास पंपानें दाब दिला असतां तो दाब रुंद नळकांड्यांतील दट्ट्यावर त्याच्या क्षेत्रफळाच्या मानानें वाढून पडतो. जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत १७९५ त या युक्तीचें पेटंट घेतलें. पेटींत रुई भरावी, मजुरांनीं ती पायांनीं तुडवावी, दट्ट्यानें दाबावी, आणि दाब असतांनाच लोखंडी पट्ट्या आवळाव्या. अशी बनलेली मुंबईची गांठ ३९२ पौंडांची असून तिला जागा सुमारें १० घनफूट लागे. म्हणजे दर घनफुटास जवळजवळ ४० पौंड. अमेरिकेंतील गांठ वजनानें सुमारें ५०० पौंड, परंतु ती दुसऱ्यांदा दाबल्यावरहि इतकी घट्ट होत नसे. आपल्याकडे अंतर लांब, माल तुलनेनें स्वस्त. नोर वांचविल्यावांचून व्यापार परवडणेंच शक्य नव्हतें.

आतां हिशेब पाहूं. ४० घनफुटांच्या एका जहाजी टनांत ४ गांठी बसतात. त्यांचें वजन १,५६८ पौंड, म्हणजे मुंबईच्या ७८४ पौंडी खंडीनें बरोबर २ खंडी. वजनाचा टन २,२४० पौंडांचा. अर्थात् एवढा दाब देऊनहि रुईचें भाडें वजनावर न पडतां जागेवरच पडे. मग प्रेसशिवाय तें किती पडलें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

६. उलट दिशेचें ओझें

कापूस हलका करून बाहेर पाठवितां यावा म्हणून जड लोखंड आंत आणावें लागलें, हा या इतिहासांतील विशेष होय. बॉयलर, दाबयंत्राचें नळकांडें, इंजिनाचें चाक हीं विलायतेहून येत. यंत्राचे जे भाग सुटे करतां येत ते पेट्यांत भरीत. पण ओतीव नळकांडें किंवा बॉयलर यांचे तुकडे करतां येत नाहींत. कापसाच्या ओझ्याची अडचण आकाराची, याची वजनाची. जहाजावर तें तळाशीं ठेवावें लागे, उतरवितांना क्रेन लागे, आणि धामणगांवास उतरलें कीं पुढचे २९ मैल सडकेनेंच न्यावें लागे.

पुढें किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालीं मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा मार्ग झाला. त्याची लांबी ११३ किलोमीटर. लोकांनीं पुढें त्या गाडीस 'शकुंतला' हें नांव दिलें. तिचें झेड-डी वर्गाचें वाफेचें इंजिन मँचेस्टरास १९२१ त बांधलेलें. तें १९२३ पासून येथें चालूं लागलें व १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. ज्या लँकेशायरास कापूस पाठविण्यासाठीं हे मार्ग शोधले गेले, तेथूनच कापूस ओढणारें इंजिन समुद्र ओलांडून आलें. परंतु अरुंद रुळांमुळें एक नवा खोळंबा उत्पन्न झाला. मूर्तिजापुरास मोठ्या गाडीचे रूळ साडेपांच फुटी. म्हणून तेथें प्रत्येक गांठ हमालांनीं एका डब्यांतून दुसऱ्यांत टाकावी लागे, व तेथें नवी नोंद होई. संशोधकास हा खोळंबा उपकारकच आहे, कारण एकाच मालाच्या दोन नोंदी त्यामुळें ताडून पाहतां येतात.

७. मुंबई व पुढें

मुंबईस कापसाचा बाजार १८४४ पासून कुलाब्यास भरे. १९२० नंतरच्या दशकांत तो शिवडीस गेला. प्रिन्सेस डॉक ही गोदी १८८० त सुरू होईपर्यंत बहुतेक जहाजें बंदरांत नांगरून उभीं राहत, व गांठी पडावांतून त्यांजकडे नेत. सुएझचा कालवा १८६९ त खुला झाल्यावर आफ्रिकेचा वळसा वांचला. येथें मालाचें नांवहि बदले. यवतमाळच्या वहींत 'बनी' किंवा 'जरी' अशी जात लिहिलेली रुई परदेशच्या बाजारांत 'ऊमरा' म्हणून विके. हें नांव उमरावती, म्हणजे अमरावती, यावरून पडलें. रॅली ब्रदर्स व व्होलकार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्या या खरेदींत होत्या. आंखूड धाग्याचा हा कापूस लँकेशायरास फारसा आवडला नाहीं. पुढें युरोपखंडांतील गिरण्या व विशेषतः जपान हेच त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले.

८. कागद कसे वाचावे

वरील क्रम ध्यानांत घेतला म्हणजे आंकड्यांतील धोका कळतो. एका वहींत 'रुई मण १००' एवढेंच लिहिलें आहे असें समजा. मण मुंबईचा २८ पौंडी असेल तर ती रुई २,८०० पौंड, म्हणजे सुमारें ७ गांठी. तोच मण ८२ पौंडी बंगाली असेल तर ती सुमारें ८,२०० पौंड, म्हणजे २१ गांठी झाली. एका पेढीची उलाढाल तिप्पट ठरणें वा एकतृतीयांश ठरणें हें केवळ या एका शब्दावर अवलंबून आहे. यास्तव शेजारच्या ओळींत खंडी आली आहे काय तें प्रथम पाहावें. खंडी २८ मणांची भरत असेल तर मण मुंबईचा. बोजाचें वजन पेठेपेठेंत निरनिराळें, तेव्हां बोजांस गांठी समजून बेरीज करूं नये. गांठ ही संज्ञाहि सर्वत्र एक नाहीं : जुन्या सरकारी कोष्टकांतील गांठ ४०० पौंडांची, व्यापाऱ्यांची ३९२ पौंडांची, व हल्लींची १७० किलोग्रॅमची, म्हणजे सुमारें ३७५ पौंडांची आहे.

या सर्व स्थित्यंतरांतून माल ओळखण्याचें एकच साधन टिकतें, तें म्हणजे गांठीवरील छाप. सन १९२५ च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक प्रेसनें गांठीवर आपली ठरलेली खूण व अनुक्रमांक घालणें व त्याची नोंदवही ठेवणें आवश्यक केलें. बीजकांत, बिल्टींत व मुंबईच्या गोदामाच्या वहींत तीच खूण आढळल्यास यवतमाळच्या एका आवारापासून जहाजापर्यंतचा माग अखंड लागतो. परंतु कोणती खूण कोणत्या प्रेसची, हें सांगणारी नोंदवहीच हरवली तर उरलेले सर्व कागद मुके होतात.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, मोडकळीस आलेल्या जीन-प्रेसचें सामान भंगारांत निघतांना सुंदर वस्तूंपेक्षां पुढील गोष्टींवर आधीं नजर ठेवावी : गांठींची नोंदवही, छाप मारण्याचे पत्रे, जुनीं वजनें, व बॉयलरावरील कारखानदाराच्या नांवाची आणि सालाची पट्टी. पट्टी काढतां न आल्यास तिची नक्कल तरी घ्यावी. मोडी व महाजनी वह्या फोडून सुटीं पानें करूं नयेत. एका पानावरील मण दुसऱ्या पानावरील खंडीवांचून उलगडत नाहीं. लोखंड विकत घेणारा नेहमींच मिळतो व तें तोलावर जातें. वही मात्र एकदां रद्दींत गेली कीं ती कोणत्याहि भावानें परत मिळत नाहीं.